पाच घरचं कापड

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आमच्या अपार्टमेंटमधला कचरा संपला. कचऱ्याची गाडी रोजच्यासारखी गाणं वाजवत फाटकाशी यायची आणि आमच्या बायका खाली जाऊन गाडीत काही टाकण्याऐवजी गाडीत डोकावून यायच्या. आमच्यातल्या रितिकानं तर शेजारच्या बिल्डिंगच्या ढिगातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा उचलून आणला. नागपूरच्या धरमपेठेत राहते ती, घरी दोन मोटारी आहेत.

याला कारण नंदिनी. ही आमच्या महिला मंडळाची अध्यक्ष. तिसऱ्या मजल्यावर राहते, वय पंचेचाळीस, उत्साह पंचविशीचा. तिचा नवरा धर्मेंद्र याचा हिंगण्याला प्लॅस्टिकच्या डब्यांचा कारखाना आहे. गेली सहा वर्षं संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मंडळाचं वाण म्हणून याच कारखान्यातले डबे वाटले जायचे. माझ्या स्वयंपाकघरात त्यातले सव्वीस आहेत आणि एकाचंही झाकण धड बसत नाही. यंदा मात्र नंदिनी डिसेंबरात पुण्याला जाऊन दोन दिवसांचं कसलंसं शिबिर करून आली, आणि बॅग उघडायच्या आधी तिनं मीटिंग बोलावली.

"प्लॅस्टिक बंद," ती म्हणाली. "यंदाचं वाण आपण आपल्या हातांनी करायचं. टाकाऊतून टिकाऊ! एकही नवी वस्तू विकत आणायची नाही."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मी सिंधू. पोस्टातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, त्यामुळे टाळ्या वाजवायला मला भरपूर वेळ असतो. "मग धर्मेंद्रभाऊंच्या कारखान्याचं काय?" असं मी विचारलंही, पण ते टाळ्यांत बुडालं.

एकही नवी वस्तू विकत न आणण्याच्या या कामासाठी आम्ही सीताबर्डीला तीन चकरा मारल्या. टाकाऊला टिकाऊ करायचं तर गरम गोंदाची बंदूक लागते, आरसे लागतात, लेस, मोती, लाकडी मणी आणि सोनेरी रंग लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. रद्दी हवी होती, पण आमची रद्दी भंगारवाल्या शालिकरामनं आठवड्यापूर्वीच नेलेली. ती त्याच्याकडून परत आणली. "मॅडम, तुमचाच माल हाय, विश्वासानं घ्या," असं तो म्हणाला आणि त्याच्या भावात अजिबात कमी केलं नाही.

बाटल्यांची गंमत वेगळीच. रंगवून फुलदाण्या करायला डौलदार बाटल्या पाहिजे होत्या. डौलदार बाटल्यांत काय मिळतं हे प्रत्येकीला ठाऊक होतं, पण तसली बाटली माझ्या घरात आहे हे कोण सांगणार? शेवटी वॉचमन मारोतरावांना सांगितलं, कुठूनही आणा. मारोतरावांनी दोन दिवसांत चाळीस हजर केल्या. आमच्या नवऱ्यांनी गुपचूप फेकायला दिलेल्या बाटल्याच त्यांनी आम्हाला आणून दिल्या होत्या. त्यातल्या तीन मी ओळखल्या. बोलले नाही. समाजकार्यात घरचं काढू नये.

पहिल्या बारा फुलदाण्या वाळल्या आणि त्यांचा सोनेरी रंग पापुद्र्यांनी सुटून आला. नंदिनीची मुलगी नूपुर, जी कॉलेजात जाते आणि मोबाइलवर या सगळ्याचं शूटिंग करत होती, तिनं तोंड वाकडं केलं.

"आई, हे सगळं शाळेतल्या हस्तकलेसारखं दिसून राहिलं. याला काही स्टोरीच नाही. कापड घ्या ना. खरंखुरं जुनं, वापरून वापरून मऊ झालेलं. त्याचे छोटे बटवे करा, हातानं शिवलेले. लोक वेडे होतील."

मग सगळ्यांनी कपाटं उघडली. शिफॉन निघालं, जॉर्जेट निघालं, लग्नातले शालू निघाले. जुनं मऊ सुती कापड मात्र कोणाकडेच निघेना. चार जणींनी आठवून आठवून एकच उत्तर दिलं: होत्या ना तशा साड्या, जयवंताला देऊन टाकल्या.

आता जयवंताबद्दल सांगायला हवं, कारण इथून पुढची गोष्ट हसण्यासारखी असली तरी माझ्यानं फारशी हसवत नाही.

जयवंता आमच्या बिल्डिंगमध्ये पाच घरी धुणंभांडी करते, पंधरा वर्षं झाली. या पंधरा वर्षांत तिनं कधी काही मागितलं नाही. सुट्टीसुद्धा ती मागत नाही, सांगते. तिची मुलगी काजल कन्हानला दिली आहे. जावई सुशील कोळशाच्या ट्रकवर असतो. दोन वर्षांपूर्वी काजलचं पहिलं बाळ बारा दिवसांचं होऊन गेलं. त्यानंतर जयवंता तीन दिवस आली नाही, चौथ्या दिवशी आली आणि भांडी घासायला बसली. मी तिला चहात जास्त साखर घालून दिली.

गेल्या दिवाळीनंतर काजलला सहावा महिना लागला. एके दिवशी जयवंता सगळी कामं आटोपून घरी गेली आणि तासाभरात पुन्हा माझ्या दारात उभी राहिली. अंघोळ केलेली, स्वच्छ पातळ नेसलेली.

"काय वं, काही विसरलीस का?"

"नाही ताई. मांगाले आली."

मग तिनंच समजावलं. "एक लेकरू गेलं का मंग दुसऱ्याले घरचं कापड लावत नाही आमच्यात. पाच घरचं मांगून आना लागते, जुनं, सुती. सव्वा मयना त्याच्यातच गुंडाळा लागते. मांगल्या कापडातलं लेकरू म्हंजे कोनाचंच नाही, मंग त्याच्यावर कोनाची नजर बी जात नाही."

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण काजलला मी फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिली आहे, माझ्या ओट्याखाली बसून ती पाढे पाठ करायची. मी आत गेले, माझी हिरव्या काठाची सुती साडी काढली, जी मी पोस्टात बारा वर्षं नेसले होते, आणि तिच्यापुढे धरली. जयवंता एक पाऊल मागं सरली.

"थांबा. आधी मले मांगू द्या. न मांगता देलं तं चालत नाही."

मग तिनं दोन्ही हातांनी पदर पसरला आणि म्हणाली, "ताई, माया पोरीच्या लेकराले एक जुनं कापड द्या."

मी दिलं. माझे डोळे भरून आले, आणि तिला ते दिसू नयेत म्हणून मी दूध उतू गेल्याचा बहाणा करून आत पळाले.

अशा पाच घरच्या पाच साड्या तिनं मागून नेल्या; बाकी चौघींनी कशाला ते विचारलंही नाही. त्याची एक लहानशी गोधडी ती शिवत होती. आमच्याकडचं काम संपलं आणि नंदिनीकडचं सुरू व्हायचं असलं की मधला अर्धा तास जिन्याच्या पायरीवर बसून टाके घालायची. धावदोरा इतका बारीक की मुंग्यांची रांगच. मी जाता येता पाहायची आणि म्हणायची, "सुंदर होऊन राहिली वं." ती मान वर न करता म्हणायची, "तुमचंच कापड चांगलं हाय."

आणि हे सगळं मी त्या मीटिंगमध्ये सांगितलं.

का सांगितलं? कोणी विचारलं नव्हतं. पण प्रत्येकीकडे सांगायला काहीतरी होतं. कोणाची कल्पना, कोणाची पुण्याची मावशी, कोणाचं यूट्यूब. माझ्याकडे काही नव्हतं. तोंडाला कुलूप नसलं की माणूस स्वतःचं भांडं फोडतो, मी तर दुसरीचं फोडलं. म्हटलं, "अगं, आपल्या पाची घरच्या साड्यांची जयवंतानं काय गोधडी शिवली आहे! असला धावदोरा आपल्यापैकी एकीला जमणार नाही."

नंदिनी मान वळवून माझ्याकडे पाहू लागली. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी बाई जशी कुकरकडे पाहते, तशी.

"म्हणजे त्या साड्या आपल्याच ना?" ती म्हणाली.

"आपण दिल्या होत्या."

"तेच म्हणते मी. आपण दिल्या, म्हणजे आपल्याच."

मी घाईघाईनं सगळं सांगितलं. काजलचं, पहिल्या बाळाचं, पाच घरी मागण्याचं. मला वाटलं, ऐकल्यावर विषय संपेल. रितिकानं छातीवर हात ठेवला आणि म्हणाली, "अय्या, किती सुंदर स्टोरी आहे!" नूपुर म्हणाली, "हीच टॅगवर छापू."

"हे बघा," नंदिनी म्हणाली, "आपण तिच्याकडून काही हिसकावून घेत नाही आहोत. तिला आपण नवं कोरं ब्लँकेट देऊ, मऊ, लोकरीचं. नव्या बाळाला चिंध्यांत कशाला गुंडाळायचं? या अंधश्रद्धा आपण शिकलेल्या बायकांनी पोसायच्या का?"

आमच्या बटव्याला लागली की ती परंपरा होती, जयवंताच्या नातवंडाला लागली की चिंधी. हे मला तिथल्या तिथं सुचलं होतं. पण सुचणं आणि बोलणं यांच्यामध्ये माझ्या बाबतीत नेहमी एक ठेच लागते. नंदिनीनं हात वर करायला सांगितले. माझाही हात वर होता. हातात चहाचा कप होता म्हणून वर गेला असं मी नंतर आमच्या यांना सांगून पाहिलं. खोटं आहे ते. कप डाव्या हातात होता.

दुसऱ्या दिवशी नंदिनीनं जयवंताला दिवाणखान्यात बोलावलं. मलाही बोलावलं, कारण "तुमचं तिच्याशी चांगलं जमतं." जयवंता ओले हात पदराला पुसत उंबऱ्यापाशी उभी राहिली.

"जयवंता, ती गोधडी झाली का गं?"

"झाली ना ताई. एक कड बाकी हाय."

"आम्हाला ती हवी होती."

"पाहाले?"

"नाही... म्हणजे मंडळासाठी. साड्या आमच्याच होत्या ना, त्याचे बटवे करायचे आहेत. आणि हे बघ, तुझ्यासाठी काय आणलं! हात लावून बघ किती मऊ आहे."

चेनच्या पारदर्शक पिशवीत गुलाबी ब्लँकेट होतं, वर अस्वलाचं चित्र. जयवंतानं त्याला हात लावला नाही. तिनं आधी नंदिनीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

"पाचही घरचं वापस पाहिजे का?" तिनं विचारलं.

हा प्रश्न नंदिनीला नव्हता. मला होता, आणि मला तो कळलाही. माझं राहू दे, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. एका घरचा तरी तुकडा तिच्याकडे राहिला असता. मी नंदिनीच्या फिशटँकमधल्या माशांकडे पाहत राहिले. त्यातला एक नारंगी मासा सारखा काचेवर तोंड आपटत होता.

"सगळीच दे ना," नंदिनी म्हणाली. "उसवत कुठं बसतेस?"

"बरं," जयवंता म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोधडी आणून दिली. नीट घडी करून, वर्तमानपत्रात बांधून. बाकी राहिलेली कडही पूर्ण केलेली होती. ब्लँकेट तिनं नेलं. गरीब माणूस स्वाभिमानानं ब्लँकेट परत करतो ते भाषणात. हिच्या सासऱ्याला थंडी वाजत होती, तिनं नेलं.

जिन्यात मी तिला गाठलं. म्हटलं, "जयवंता, मला वाटलं नव्हतं गं असं..."

"काही नाही ताई," ती म्हणाली. "मांगून आनलेलं कोनी वापस मांगतलं का मंग ते आपलं राह्यतच नाही. ते ठेवून तरी का करतो? लेकराले लावता थोडी येते."

एवढं बोलून ती रितिकाकडची भांडी घासायला गेली.

गोधडी नंदिनीनं आपल्या हातानं कापली. नूपुरनं व्हिडिओ घेतला, कात्री कापडातून जाताना, जवळून, मागं बासरी. हिरवा काठ आला तेव्हा मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या एवढ्याशा गोधडीतून अठ्ठावन्न बटवे निघाले. टाके आमच्यापैकी कोणाला घालता येईनात, त्यामुळे तळाची शिवण गोंदाच्या बंदुकीनं मारली. प्रत्येक बटव्याला खाकी पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधली: "या कापडात एका आईची माया आहे." आत तिळगुळाच्या दोन वड्या आणि हळदकुंकवाच्या पुड्या. पुड्या प्लॅस्टिकच्या होत्या, पण त्या कोणाला दिसणार नव्हत्या.

हळदीकुंकू थाटात झालं. धरमपेठेतल्या तीन मंडळांच्या अध्यक्षा आल्या. एक बाई म्हणाली, असं बोलकं कापड आजकाल मिळत नाही हो. नंदिनी म्हणाली, "शोधावं लागतं." स्थानिक पुरवणीसाठी एक फोटोग्राफर आला होता. जयवंता मागं कप विसळत होती, तिला नंदिनीनं हाताला धरून पुढं आणलं. "ही आमची खरी कारागीर," असं म्हणून तिच्या हातात एक बटवा दिला आणि फोटो काढायला लावला. फोटो झाल्यावर जयवंतानं बटव्यातल्या वड्या काढून घेतल्या, बटवा टेबलावर ठेवला आणि कप विसळायला परत गेली.

फोटो छापून आला. त्यात मीही आहे, डावीकडून तिसरी, टाळ्या वाजवताना.

त्यानंतर मी वाट पाहू लागले. काजलला नववा लागला होता, बाळंतपणाला तीन आठवडे उरले होते. मला वाटलं, जयवंता पुन्हा मागायला येईल. कापड तर लागणारच. ती आली की मी या वेळी दोन साड्या देईन, चार देईन. मग कपाट उघडलं आणि लक्षात आलं की माझ्याकडे द्यायला काहीच नाही. जुनी सुती म्हणून होती ती एकच, हिरव्या काठाची, आणि ती बटव्यांत वाटून झाली होती. उरल्या त्या साड्या नव्या किंवा रेशमी, आणि बाळाला ते चालायचं नाही.

एक सुती साडी होती. माझ्या पुण्याच्या मुलानं मागच्या पाडव्याला दिलेली, फिकट निळी, घडीसुद्धा न मोडलेली. ती मी काढली आणि नेसायला लागले. रोज. मिठाच्या पाण्यात भिजवायची, धुवायला टाकायची, वाळली की परत नेसायची. ती नेसून भाजी चिरली, ती नेसून झोपले, ती नेसून देवाची भांडी घासली. ज्या बायकांनी महिनाभर जुन्याचं नवं केलं, त्यातली एक आता बंद दाराआड नव्याचं जुनं करत बसली होती.

आमचे हे, आनंदराव, चार दिवस पेपर वाचत राहिले. पाचव्या दिवशी पेपरातून डोकं वर काढून म्हणाले, "काय वं, बाकीच्या साड्या चोरीला गेल्या काय?"

मी कारण सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"मग सरळ देऊन टाक ना तिला."

"दिलेलं चालत नाही. तिनं मागितलं पाहिजे."

"ती नाही मागणार आता. तू जा आणि माफी माग आधी."

सांगायला काय जातं? पस्तीस वर्षांत यांनी स्वतः एकदाही कोणाची मागितलेली नाही. तरी मी उठले. जयवंता मोरीत कपडे धूत होती. मी दाराशी उभी राहिले, तोंड उघडलं आणि विचारलं, "चहा घेतेस का?"

"ठेवा," ती म्हणाली.

आणि खरी शोभा इथं होती, की ती निळी साडी रोज धूत होती जयवंताच. मी जितकी नेसून मऊ करत होते, त्याहून जास्त तिच्या हातानं आपटून होत होती. मी आजूबाजूला घुटमळत राहायची.

"ही साडी आता किती मऊ पडली नाही?"

"हो."

"जुनीच म्हणायची आता."

"नेसली तं जुनी होईनच."

"तुला काही... लागत असलं घरी, तर सांग हं."

"फिनाइल संपलं हाय," ती म्हणाली.

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मी त्याला उत्तर दिलं असतं, भांडले असते, रडले असते. ती पूर्वीसारखीच होती, वेळेवर यायची, काम चोख करायची, कधी काही मागायची नाही. मला रोज लाज वाटत होती आणि ती लाज घेऊन कुठं जावं हे कळत नव्हतं. साडी आता इतकी जुनी झाली होती की खांद्यावर विरली होती. देणारी तयार होती, मागणारी येत नव्हती.

फेब्रुवारी संपता संपता एक दिवस जयवंता आली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. मी देवापुढे बसले. मी मानत नाही, तरी बसले. पहिल्या वेळी ती चौथ्या दिवशी आली होती आणि भांडी घासायला बसली होती, तेच डोळ्यांसमोर येत होतं.

चौथ्या दिवशी बेल वाजली. जयवंताच्या हातात जिलेबीचा पुडा होता.

"पोरगी झाली ताई. पावनेतीन किलोची. सरकारी दवाखान्यातून काल घरी आनली. रडते का काय, सारी गल्ली जागी करते!"

मी तिला मिठी मारली. ती थोडी बावरली, मग हसली. मी जिलेबी खाल्ली, यांना दिली, परत खाल्ली. मग राहवलं नाही, विचारलंच.

"बाळाला गुंडाळलं कशात?"

"मांगून आनलं ना. पाच घरचं."

"कोणाकडून?"

"आमच्याच गल्लीतलं. पाच घरी गेली, पाचही जनींनी देलं."

"त्यांच्याकडे होत्या जुन्या साड्या?"

जयवंतानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी तिला सूर्य कुठं उगवतो ते विचारलं होतं. "आमच्याकडे जुनं अल्लग कोन ठेवते ताई? जे हाय ते अंगावरच असते. एकीनं नेसल्या पातळाचा पदर फाडून देला. एकीच्या घरी कामाचंच फडकं होतं, तिनं ते उकळून देलं. देल्लं सगळ्यायनं."

ती मोरीत गेली आणि तीन दिवसांचे तुंबलेले कपडे घेऊन बसली. सगळ्यात वर ती निळी साडी होती. तिनं ती भिजवली, घासली, आपटली. मी दारातच उभी होते. आता मात्र माझ्यानं धीर धरवेना.

"जयवंता, मी चुकले गं. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं, बोलले नाही. ही साडी तुझ्यासाठीच जुनी केली मी, महिनाभर नेसून. सव्वा महिना व्हायला वेळ आहे अजून, बाळाला बदलायला लागेलच ना. एकदा माग माझ्याकडे. एकदाच माग ना वं."

तिनं आपटणं थांबवलं. साडीचं एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं आणि आम्ही दोघींनी मिळून ती पिळली. पाणी सगळं निथळून गेलं तेव्हा तिनं माझ्या हातातलं टोक परत घेतलं.

"राहू द्या ताई," ती म्हणाली. "पुढच्या संक्रांतीले तुमाले कामी पडन."

आणि साडी खांद्यावर टाकून ती गच्चीवर वाळत घालायला गेली.